नकाशावर गडहिंग्लज नीट वाचता येत नाही: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

वर्षाचे पैसे एकदम भरलेत, त्यामुळे हे ऑफलाइन नकाशाचं ॲप पुरतं पारखल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. फीचर सगळ्यांना माहीत आहेत, त्यात जात नाही.

आमचा पशुखाद्य पोचवायचा धंदा. कोल्हापुरातून गाड्या गगनबावडा, राधानगरी, गडहिंग्लजकडे जातात. दाजीपूरच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही, आणि पंचगंगा फुगली की नेहमीचे रस्ते बंद. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं होतं. म्हणून ऑफलाइन नकाशा घेतला.

जुलैत नकाशावर राखाडी चौकोन दिसायला लागले. अर्धा रस्ता दिसतो, पुढे कोरं. कस्टमर केअरनं सांगितलं, क्लिअर डेटा करा. केलं, आणि उतरवून ठेवलेला अख्खा जिल्हा पुसला गेला. नुसती कॅश, म्हणजे ॲपचा तात्पुरता साठा, पुसली तर नकाशाचे तात्पुरते तुकडे जातात, ते परत येतात. डेटा पुसला की ऑफलाइन नकाशे, सेव्ह केलेली ठिकाणं, लॉगिन, सगळंच जातं. हे आधी सांगणं त्यांचं काम होतं. त्या दिवशी एक स्टार दिला.

तो नंतर तीनवर नेला, कारण चौकोनांचं मूळ सापडलं. हा नकाशा चौकोनी तुकड्यांचा असतो, आणि झूम एक पायरी वाढवली की तेवढ्याच भागाला चौपट तुकडे लागतात. ड्रायव्हरच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी जागा भरलेली, वर बॅटरी सेव्हर चालू. स्क्रीन बंद झाली की डाउनलोड मध्येच थांबायचं. लांबून सगळं भरलेलं दिसायचं, जवळ गेलं की कोरं. जागा रिकामी केली, बॅटरी सेव्हर बंद केला, फोन चार्जिंगला लावून वाय-फायवर जिल्हा परत उतरवला. तेव्हापासून चौकोन गेले. पाणंद रस्तेसुद्धा दिसतात, हे मनापासून आवडलं.

पण अक्षरं! नकाशावरचं मराठी मोडकं आहे. प्रयाग चिखलीचं ‘चखिली’ होतं, पन्हाळ्याचं ‘पन्‌हाळा’. गडहिंग्लजची तर दशा बघवत नाही: वेलांटी पुढच्या ग वर गेलेली, त्या ग चा पाय मोडलेला, ल सुटा. आमचे ड्रायव्हर मराठीच वाचतात. पावसात घाटात गाडी चालवताना नाव एका नजरेत वाचता आलं पाहिजे.

केअरचं म्हणणं, फोनचा फॉन्ट बदला. फॉन्टचा संबंधच नाही. त्याच ॲपच्या सर्चमध्ये गडहिंग्लज स्वच्छ उमटतं. तिथला मजकूर फोनची यंत्रणा मांडते. नकाशावरची नावं ॲप स्वतः काढतं, एकेक चिन्ह ओळीनं ठेवत. युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागून साठवलेली असते, दाखवताना ती अलीकडे आणावी लागते. जोडाक्षराचाही आकार जुळवावा लागतो. ती पायरीच इथे गाळलेली दिसते. इंग्रजी नावांना तिची गरज पडत नाही, म्हणून बनवणाऱ्यांच्या नजरेला आलं नसावं. पण मराठी भाषा निवडायची सोय देऊन पैसे घेता, तर मराठी धड दिसलं पाहिजे.

एक वाट आहे. सेटिंगमध्ये नकाशाचा प्रकार ‘रास्टर’ केला की नावं बरोबर दिसतात, कारण ती सर्व्हरवरच चित्रात काढून येतात. मात्र या ॲपमध्ये तो प्रकार ऑफलाइन चालत नाही, आणि वळणावर नकाशा फिरला की नावंही उलटी होतात. उत्तर दिशा वर धरूनच वापरावा लागतो. म्हणजे रेंज असेल तिथेच मराठी नीट. मग ऑफलाइनचे पैसे कशाचे?

स्क्रीनशॉटसकट तक्रार टाकली. ‘सोडवली’ म्हणून परस्पर बंद केली, मी परत उघडलीय. वर्ष संपायच्या आत दुरुस्त झालं तर पुढचे पैसे भरणार, नाहीतर नाही. तुम्ही घेणार असाल तर फुकटच्या मुदतीतच गडहिंग्लज, पन्हाळा, चिखली ही नावं वाचून बघा. सर्चमध्ये नको, नकाशावर.