आरसीएम: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या पंपांसाठी रिलायबिलिटी-सेंटर्ड मेंटेनन्स, म्हणजे आरसीएम (मशीन कशी बिघडू शकते आणि बिघडली तर काय होईल, हे पाहून देखभाल ठरवायची पद्धत), सुरू करून बरेच महिने झाले. सगळ्यात मोठा बदल हा की नीट चालणारा पंप आता नुसती तारीख आली म्हणून उघडला जात नाही.

हे पचायला जड जातं. ठरलेल्या तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे मशीन पूर्ण उघडून दुरुस्ती, केला की निर्धास्त, हीच आपली सवय. पण युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या १९७८ च्या अहवालात, वय वाढलं की बिघाडाचा धोकाही वाढतो असे विमानाचे भाग जेमतेम ११ टक्के निघाले. ६८ टक्के भागांत धोका सगळ्यात जास्त होता तो नवा भाग बसवल्यावर लगेच. हे आकडे पंपाला जसेच्या तसे लावू नयेत. तरी सील बदलताना आत गेलेला कचरा किंवा बिघडलेलं कपलिंग अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नसणं) ज्यांनी निस्तरलंय, त्यांना मुद्दा लगेच कळेल.

आता व्हायब्रेशन आणि तापमान ठरलेल्या अंतराने मोजतो. बेअरिंगच्या बिघाडाची पहिली चाहूल लागल्यापासून ते निकामी होईपर्यंतचा काळ म्हणजे पी-एफ इंटरव्हल. दोन तपासण्यांमधलं अंतर त्याच्या निम्म्याहून जास्त नको. त्यामुळे स्पेअर आधी मागवता येतो, काम नियोजित शटडाऊनमध्ये बसतं आणि मध्यरात्रीची धावपळ खरोखर कमी झाली आहे.

मला स्वतःला सर्वात मोलाचा वाटला तो लपलेल्या बिघाडांचा शोध. स्टँडबाय (राखीव) पंप, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, तेल कमी झालं की मशीन थांबवणारी लो-ऑइल ट्रिप ही मंडळी बंद पडली तरी कोणाला पत्ता लागत नाही. कळतं ते नेमकं गरज पडल्यावर. आता त्यांची मुद्दाम चाचणी घेतो. दुसरं काहीच जमलं नाही तरी एवढं प्रत्येकाने करावंच!

त्रास आहे तो बैठकांचा. पंप कशासाठी आहे, किती दाबाने किती पाणी द्यायला हवं, कुठे आणि कसा बिघडू शकतो, बिघडला तर काय थांबेल, हे एकेक लिहून काढायला फार वेळ जातो. रोज मशीन चालवणारा ऑपरेटर तिथे नसेल तर तो तक्ता कागदावरच राहतो. सगळ्या मशीनना हे लावायचीही गरज नाही. छोटा एक्झॉस्ट फॅन बंद पडेपर्यंत चालवा आणि मग बदला; आरसीएमलाही ते मान्य आहे. जिच्यामुळे अख्खी लाइन थांबते, ती मशीन आधी घ्या. आम्ही आता कंप्रेसर घेतला आहे.