सिनियर डिझायनर: संभाजीनगरची एजन्सी की लातुरात स्वतःचं काम?

बरेच पोरं हेच विचारायलेत म्हणून लिहितो. एजन्सीत सिनियर झालं की स्वतः डिझाईन करणं कमी अन् दुसऱ्याचं तपासणं जास्त. समजा ज्युनियरने जालन्याच्या बियाणे कंपनीचं पाकीट केलं, तर त्यातला बारीक काळा मजकूर चार रंगांत तर गेला नाही ना हे तुम्हीच बघायचं, कारण छपाईत प्लेट जराशी सरकली की अक्षराला रंगीत कड येते अन् शेतकऱ्याला लागवडीची माहितीच धड वाचता येत नाही, तिथं फक्त के १०० (म्हणजे एकटी काळी शाई) पाहिजे म्हणजे पाहिजेच. ही नजर एजन्सीतच तयार होते. पगार तारखेला, क्लायंटला तोंड द्यायला वेगळा माणूस.

लातुरात स्वतःचं म्हणजे मुख्यतः कोचिंग क्लासेस, निकाल लागला की रातोरात टॉपर्सचे फ्लेक्स. कामाला तोटा नाही पण उधारी लई, ॲडव्हान्स घेतल्याशिवाय फाईल उघडूच नका. वर क्लायंट श्रीलिपीतला (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधला) मजकूर पाठवतो, तो तसाच युनिकोड फॉन्टमध्ये (मोबाईलवर चालतो तसल्या) टाकला की सगळं गिचमिड, कन्व्हर्ट करून रफार-वेलांट्या एकेक तपासायच्या अन् पोराच्या नावात चूक गेली तर आईबापाला किती लागतं ते बघवत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, आधी तीनचार वर्षं एजन्सी. घरी आईवडिलांजवळ राहणं गरजेचं असेल तर मात्र लातूरच, फक्त प्रूफ वाचायला एक पक्का माणूस पहिल्या दिवसापासून ठेवा.