डॅलसजवळच्या चिअर जिमचे चार सीझन: पॉलिसी, पैसे आणि पुढे काय

आमच्या फ्रिस्को-प्लेनोच्या मराठी ग्रुपवर दर एप्रिलमध्ये कोणीतरी विचारतंच, मुलीला चिअर जिममध्ये घालायचंय, कुठली चांगली? मी दरवेळी फोनवर तासभर तेच सांगत बसते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतेय. लेक बाराव्या वर्षी गेली तेव्हा ज्युनिअर लेव्हल १ ला होती, आता सोळाची आहे आणि सिनिअर लेव्हल ३ ला बेस आहे, म्हणजे चार सीझन एकाच जिममध्ये झाले. जिमचं नाव देत नाही. माझ्या काही तक्रारी पण आहेत आणि लेक अजून तिथेच आहे, ज्यांना हवंय त्यांनी मला वेगळं विचारा.

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण माझ्या सासूबाईंना पण दोन वर्षं हेच वाटत होतं. चिअर म्हटलं की आपल्याला आयपीएलमध्ये चौकार गेल्यावर नाचणाऱ्या मुली आठवतात. ऑल-स्टार चिअर तसं नाहीये. इथे मुली दुसऱ्या कुणाला चिअर करत नाहीत, त्यांचीच स्पर्धा असते. अडीच मिनिटांचं रुटीन, ५४ बाय ४२ फुटांचा स्प्रिंगचा फ्लोअर, त्यात टम्बलिंग (कोलांट्याउड्या), जंप, डान्स आणि स्टंट. स्टंट म्हणजे खाली दोन बेस, मागे बॅकस्पॉट आणि वर फ्लायर, दहीहंडी पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं, फक्त इथे थर कमी आणि वर गेलेलं पोर हसत हसत एका पायावर उभं. आणि लेव्हलप्रमाणे काय करायचं, काय नाही ते सगळं ठरलेलं. लेव्हल १ ला स्टंट खांद्याच्या उंचीपर्यंतच, बॅक हँडस्प्रिंग (मागे हातांवर पडून उलटी उडी) लेव्हल २ ला, टक (हात न टेकता हवेत कोलांटी) लेव्हल ३ ला. हे नियम यूएसएएसएफ नावाची संस्था ठरवते, २००३ पासूनची. माझं माहेर ठाण्याचं, २०१४ मध्ये हायकोर्टाने थरांच्या उंचीवर मर्यादा घातली तेव्हा आमच्या घरात केवढे वाद झाले होते ते आठवतं, बाबा म्हणायचे की मग मजा काय राहिली. इथे चार वर्षं पोरीच्या हातांवर दुसऱ्याची पोर उभी राहिलेली बघून मी पूर्ण नियमांच्या बाजूची झालेय.

आता जिमबद्दल. फ्लोअर चांगला, एसी चालतो, पार्किंग वाईट, समोरच्या दुकानाबाहेर गाडी लावली तर टो होते. बास, बिल्डिंगबद्दल एवढंच, कारण लोक टूरला जाऊन ट्रॉफ्या आणि बॅनर बघून सही करतात आणि खरी बघायची गोष्ट म्हणजे ते २० पानांचं पॉलिसी पॅकेट, ते कोणी वाचतच नाही. मी पण पहिल्या वर्षी नव्हतं वाचलं.

काँट्रॅक्ट मे ते पुढचा एप्रिल, पूर्ण वर्षाचा. मध्ये सोडलं तर बायआउट फी, आमच्याकडे दोन महिन्यांची ट्यूशन, म्हणजे जिमची फी, आणि एकदा कोरिओग्राफी झाली की युनिफॉर्म, म्युझिक, कोरिओग्राफीचे पैसे परत नाहीत. हे ऐकायला कडक वाटतं पण मला आता पटतं. वीस जणींचं रुटीन बसवल्यावर डिसेंबरमध्ये एक बेस गेली की तिच्यावर उभी राहणारी फ्लायर, दुसरी बेस, बॅकस्पॉट, तिघींचा स्टंट कोसळला. आमच्या टीममध्ये झालंय हे, एक मुलगी जानेवारीत गेली आणि चार प्रॅक्टिसमध्ये सगळं परत बसवावं लागलं, पोरी रडकुंडीला आल्या होत्या.

पैशांचं स्पष्ट सांगते, मला कोणी सांगितलं नव्हतं. आमचा गेल्या सीझनचा पूर्ण खर्च साडेपाच हजार डॉलरच्या आसपास गेला, त्यात ट्यूशन निम्म्याहून थोडी जास्त, बाकी युनिफॉर्म, केसांचा बो, प्रॅक्टिस वेअर, स्पर्धांची फी, कोचचा प्रवास खर्च, आणि आमची हॉटेलं. काही स्पर्धांना स्टे-टू-प्ले असतं, म्हणजे त्यांनी दिलेल्या यादीतल्याच हॉटेलात राहायचं, नाहीतर टीमला स्पर्धेत उतरता येत नाही. ओळखीच्यांकडे राहून पैसे वाचवू असं मनात असेल तर ते विसरा.

आणि बिड. हा भाग नीट वाचा प्लीज. लेव्हल ३ सारख्या टीमसाठी सीझनच्या शेवटचं मोठं स्वप्न म्हणजे मे महिन्यात ऑरलँडोला होणारं द समिट, आणि सगळ्यात वरच्या लेव्हलच्या टीमसाठी एप्रिलमधली वर्ल्ड्स, ती पण ऑरलँडोलाच, २००४ पासून. तिथे सरळ जाता येत नाही, सीझनमध्ये कुठल्यातरी स्पर्धेत बिड, म्हणजे तिथला प्रवेश, जिंकावी लागते. काही बिड पेड असतात म्हणजे खर्चाचा वाटा आयोजक उचलतात, आणि अॅट-लार्ज बिडमध्ये सगळं पालकांचं. आमच्या टीमला दुसऱ्या सीझनला अॅट-लार्ज मिळाली, पोरी फ्लोअरवर लोळून रडत होत्या आनंदाने, मी पण रडले, आणि मंगळवारी ईमेल आला की माणशी एवढे भरा, दहा दिवसांत. नाही म्हणायचा पर्याय पॅकेटमध्ये होता का? नव्हता. बिड मिळाली तर जाणं बंधनकारक, पान १४. म्हणून सही करण्याआधी विचाराच, बिड स्वीकारायची की नाही हे कोण ठरवतं, खर्च कोणाचा, आणि साधारण किती. चांगली जिम आकडा सांगते. आमच्या जिमने पुढच्या वर्षीपासून तो आकडा मे महिन्याच्या मीटिंगमध्येच सांगायला सुरुवात केली, पाचसहा पालकांनी मिळून लिहून दिल्यावर.

फंडरेझिंगचं पण एक. बूस्टर क्लब, म्हणजे टीमसाठी पैसे जमवणारी पालकांची संस्था, असेल तर मी विकलेल्या कुकीजचे पैसे माझ्याच मुलीच्या खात्यात जमा करा असं करता येत नाही, टॅक्स-फ्री संस्थेला ते चालत नाही, २०१३ मध्ये एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबची अशाच कारणाने टॅक्स कोर्टात करसवलत गेली. आमच्याकडे पैसा सगळ्या टीमचा म्हणून जमा होतो. काही पालक चिडतात, मी एवढं केलं आणि ती काहीच न करता घेतेय, पण नियम तो नियम.

अटेंडन्स. स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे एकही प्रॅक्टिस चुकवायची नाही. चुकवली तर रुटीनमधून बाहेर आणि जागेवर ऑल्टरनेट, म्हणजे राखीव मुलगी. फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चच्या सुरुवातीला एनसीए नॅशनल्स ही ऑल-स्टार चिअरची मोठी स्पर्धा असते, आपल्या डॅलसच्याच कन्व्हेन्शन सेंटरला, आणि माझ्या भाच्याची मुंज नेमकी त्याच दहा दिवसांत सांगलीला होती. मी एकटी गेले, लेक आणि तिचे बाबा इथेच राहिले. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण गणपती आणि दिवाळीचं मात्र छान जमलं. पॅकेटमध्ये धार्मिक सणांसाठी एक फॉर्म होता, तो मेमध्येच भरून द्यायचा, मी चार वर्षं भरतेय आणि मंडळाच्या गणपतीला एकदाही कोणी नाक मुरडलं नाही. ऐनवेळी सांगितलं असतं तर अनएक्स्क्यूज्ड, म्हणजे विनापरवानगी गैरहजेरी, लागली असती. भारतात जायचं असेल तर आमच्यासाठी एकच खिडकी, जूनचे पहिले दोन-तीन आठवडे, त्यानंतर कोरिओग्राफी कॅम्प.

माझी सगळ्यात मोठी तक्रार दुखापतीच्या पॉलिसीची. तिसऱ्या सीझनला लेकीचं मनगट फ्रॅक्चर झालं, एक फ्लायर वेडीवाकडी खाली आली आणि हिने तिला पकडलं, पडू दिलं नाही. सहा आठवडे प्लास्टर. पॉलिसी अशी की दुखापत झालेल्या मुलीने प्रत्येक प्रॅक्टिसला यायचं, बाजूला बसून काउंट्स बघायचे, आणि ट्यूशन पूर्ण. येऊन बसणं मला मान्य आहे, ती टीमपासून तुटली नाही. पण पूर्ण पैसे? मी मॅनेजरशी बोलले, उत्तर आलं की सगळ्यांना सारखंच. नंतर कळलं की खरंच सारखं होतं, गेल्या वर्षी स्वतः कोचच्या मुलीला पण पूर्ण भरावे लागले होते. राग गेला नाही, पण निदान विश्वास बसला. परत फ्लोअरवर जायला डॉक्टरची चिठ्ठी हवीच, त्यात त्यांनी एक दिवसाची सुद्धा सूट दिली नाही, आम्हीच घाई करत होतो.

दुसरी तक्रार क्रॉसओव्हरची, म्हणजे एक मुलगी दोन टीममध्ये. पॅकेटमध्ये लिहिलंय की क्रॉसओव्हर गरजेप्रमाणे कोच ठरवतील, आणि ते एवढं मोघम आहे की दरवर्षी त्यावरून रुसवेफुगवे होतात. लिहून ठेवा ना, कोणत्या स्किल्स लागतील, फी किती.

आणि आता जी गोष्ट मी सगळ्यात आधी बघते. २०२२ मध्ये साऊथ कॅरोलायनामध्ये चिअर कोचेसनी मुलामुलींचं लैंगिक शोषण केल्याचे खटले दाखल झाले, ते वाचून मी दोन रात्री झोपले नव्हते. दुसऱ्या दिवशी पॅकेट काढून बसले. आमच्या जिमचा नियम, कोच मुलीला एकट्याने मेसेज करणार नाही, सगळं अॅपवरच्या ग्रुपमध्ये आणि त्यात पालक असतात. प्रायव्हेट लेसन फक्त उघड्या फ्लोअरवर, दुसरं मोठं माणूस दिसेल असं. प्रवासात कोच आणि मुलींच्या खोल्या वेगळ्या. कोचेसचं बॅकग्राउंड चेक आणि सेफस्पोर्टचं ट्रेनिंग (सेफस्पोर्ट म्हणजे खेळातल्या शोषणाच्या तक्रारी बघणारी संस्था). मी चार वर्षांत हा नियम एकदाच मोडलेला पाहिला, एका नव्या तरुण कोचने मुलीला इन्स्टाग्रामवर रिप्लाय दिला तर त्याला लगेच समज दिली आणि त्या मुलीच्या आईला जिमनेच फोन केला. तुम्ही स्वतः सेफस्पोर्टच्या वेबसाइटवर नाव टाकून कोणावर कारवाई झालीय का ते बघू शकता, बघाच, लाजू नका. फक्त एक पटत नाही, पालकांना प्रॅक्टिस बघायला महिन्यातला शेवटचा आठवडाच. बाकी वेळ काचेला पडदा. काच उघडी ठेवा, पोरी विचलित होतात तर होऊ देत.

चोवीस तासांचा नियम मात्र सोन्यासारखा, स्पर्धा झाल्यावर चोवीस तास कोचशी निकालावर बोलायचं नाही. पहिल्या वर्षी मी पार्किंगमध्येच भांडले असते.

करिअरचं विचारणाऱ्यांसाठी. स्कॉलरशिपवर कॉलेज फुकट होईल या आशेने घालू नका. कॉलेज चिअर एनसीएएचा, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचा, खेळ नाहीये. २०१० मध्ये कनेटिकटमधल्या क्विनिपिएक युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये कोर्टाने स्पष्टच म्हटलं होतं की स्पर्धात्मक चिअर अजून टायटल नाइनसाठी (शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा कायदा) खेळ म्हणून धरता येत नाही. चिअरच्या स्कॉलरशिप असतात पण बऱ्याच ठिकाणी थोड्या रकमेच्या. डॅलसपासून गाडीने तासाभरावर कॉर्सिकानाला नॅव्हारो कॉलेज आहे, दोन वर्षांचं, देशभरातून मुलं तिथे येतात, एप्रिलमध्ये डेटोना बीचची नॅशनल्स गाजवतात. टम्बलिंग आणि स्टंट दोन्ही चांगलं असेल तर अॅक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग बघा, तो एनसीएएच्या इमर्जिंग, म्हणजे नव्याने पुढे येणाऱ्या खेळांच्या, यादीत २०२० मध्ये आला आणि वेकोची बेलर युनिव्हर्सिटी त्यात जबरदस्त आहे. ऑलिम्पिक कमिटीने २०२१ मध्ये चिअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली, पण ऑलिम्पिकमध्ये चिअर अजून नाही.

खरं काम जिममध्येच आहे. टम्बलिंग कोच, कोरिओग्राफर, म्युझिक मिक्स करणारे, जज, उन्हाळी कॅम्पचे इन्स्ट्रक्टर, जिम मॅनेजर. आमच्या हेड कोच ताई स्वतः याच जिममध्ये फ्लायर होत्या. मोठ्या मुलींना जिम क्लास असिस्टंट म्हणून घेते, पगारावर. इथे पण विचारा, पगार देतात की ट्यूशनमध्ये वळते करतात की नुसतंच 'अनुभव मिळेल' म्हणतात. टेक्ससमध्ये किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, आमच्याकडे त्याहून थोडं जास्त देतात आणि रीतसर चेक येतो. गावाकडे २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांना नोकरीत क्रीडा कोट्याची घोषणा झाली तेव्हा बाबांनी फोन करून विचारलं होतं, तिकडे तुझ्या पोरीला काय मिळणार? तेव्हा उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आता आहे. ती मंगळवार-गुरुवार पाच-सहा वर्षांच्या पोरांना कार्टव्हील शिकवते. मागे एकदा लवकर पोचले तर एक चिमुरडी रडत होती, हात टेकवायला घाबरत होती, आणि माझी मुलगी गुडघ्यावर बसून तिला सांगत होती की माझं पण मनगट मोडलं होतं, हे बघ, आता ठीक आहे. पुढे फिजिओथेरपी करायची म्हणतेय, खेळाडूंसाठीच.

मेमध्ये परत इव्हॅल्युएशन, म्हणजे कोण कुठल्या टीममध्ये ते ठरवायची चाचणी, आहे. आम्ही पाचव्या वर्षाची सही करतोय, दुखापतीच्या ट्यूशनबद्दलचं पत्र सोबत जोडून. ज्यांना त्या पत्रावर सही करायचीय त्यांनी शनिवारच्या आत मला कळवा.