क्लच ब्लीडिंग किट: पंपापेक्षा सिरिंज कामाची

क्लचचे पेडल निम्म्यापर्यंत पोकळ लागू लागले आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरू लागला, तेव्हा हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमधील हवा घरीच काढावी म्हणून मी हातपंपाचे ब्लीडिंग किट घेतले. त्यात दाबमापक असलेला व्हॅक्यूम पंप, झाकणाची बाटली, पारदर्शक नळ्या आणि एक साधी मोठी सिरिंज आहे. पेडल दाबायला दुसरा माणूस लागत नाही, हा दावा खरा ठरला.

क्लचमधले जुने ऑइल (म्हणजे ब्रेक ऑइलच) उपसण्यासाठी पंप उत्तम आहे. ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरच्या निपलवर, म्हणजे हवा काढण्याच्या पोकळ स्क्रूवर, नळी बसवून निपल पाव फेरा सैल केला की काळपट ऑइल सरसर बाटलीत उतरते. मात्र वरच्या ऑइलच्या टाकीवर सतत लक्ष हवे. बाटलीकडे पाहण्याच्या नादात माझी टाकी एकदा कोरडी पडली आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागले.

पंपाची खरी अडचण बुडबुड्यांची आहे. ओढ बसली की सैल निपलच्या आट्यांमधूनही बाहेरची हवा नळीत येते, त्यामुळे आतली हवा संपली की नाही, हेच कळत नाही. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावल्यावर बुडबुडे बरेच कमी झाले, पण माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही.

एवढे करूनही पेडल मऊच राहिले. शेवटी सिरिंजमध्ये ताजे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल भरून ते निपलमधून सावकाश वर ढकलले. हवा मुळात वरच चढते, त्यामुळे टाकीत तीन-चार टपोरे बुडबुडे फुटले आणि पेडल टणक झाले. त्याआधी टाकी थोडी रिकामी करावी, कारण सांडलेले ऑइल गाडीचा रंग खराब करते. सांडलेच तर लगेच भरपूर पाणी ओतावे.

ऑइल किटसोबत येत नाही. ते टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच आणि सीलबंद बाटलीतले घ्यावे, कारण हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असलेला डॉट ४ चा उत्कलनबिंदू ओलाव्याने १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो.

काही दिवसांत पेडल पुन्हा बसू लागले, तर किटला दोष देण्याआधी बाहेर बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट उचलून पाहावे. आत ऑइलची ओल दिसली तर सील गेले आहे आणि तिथे पंप किंवा सिरिंज, कशाचाही उपयोग नाही.