खाणीच्या तळ्यात शीड: आमच्या जवळच्या सेलिंग क्लबचा एका सीझनचा अनुभव

इंग्लंडमधल्या रेडिंगला येऊन 7 वर्षं झाली आणि घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर सेलिंग क्लब आहे हे मला गेल्या मार्चपर्यंत माहीतच नव्हतं. माहेर अलिबागचं, म्हणजे लहानपण सगळं समुद्राच्या वासात गेलं पण पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेले नाही, आई जाऊच द्यायची नाही. डिंगी सेलिंगचा, म्हणजे छोटी उघडी शिडाची होडी चालवायचा, क्लास लावलाय असं बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं घरामागे अख्खा समुद्र होता तेव्हा नाही सुचलं, आता डबक्यात होडी चालवायला पैसे भरतेस होय?" डबकं म्हणाले ते अगदीच चूक नाहीये. इकडे खडी-वाळू काढून झालेल्या जुन्या खाणी आहेत, त्यांत पाणी भरून तळी झालीत, त्यातल्याच एका तळ्यावर हा क्लब. नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि रविवारी त्याच लोकांबरोबर मला चहा प्यायचाय.

आधी कोर्सबद्दल, कारण ती खरंच भारी गोष्ट आहे. आरवायए म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या लेव्हल 1 आणि लेव्हल 2, दोन दोन दिवसांच्या, मी लागोपाठच्या दोन वीकेंडना उरकल्या. शिकायला वेफेअरर नावाची सोळा फुटी बोट देतात, जड, रुंद, म्हशीसारखी शांत. हिला कमी समजू नका, 1963 मध्ये फ्रँक डाय नावाचा माणूस एका साथीदाराला घेऊन अशाच उघड्या वेफेअररमधून स्कॉटलंडहून आइसलंडला गेला होता, आणि मला तळ्याच्या पलीकडच्या काठाला जाताना पोटात गोळा येत होता.

आमचे सर रिटायर्ड, सत्तरीच्या आसपासचे, आवाज एकदा पण चढला नाही. वाऱ्याच्या थेट तोंडावर बोट जात नाही, दोन्ही बाजूंना साधारण 45 अंश सोडून नागमोडी जावं लागतं, हे मी व्हिडिओत दहा वेळा बघितलं होतं आणि कळलं नव्हतं. सरांनी काय केलं, शिडाची दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले सोड. सोडत गेले, शिडाची पुढची कड फडफडायला लागली. आता फडफड थांबेल इतपतच ओढ, त्याच्या पुढे एक इंच नको. ओढली, फडफड थांबली आणि बोट एकदम पुढे सरकली, खालून पाण्याचा खुळखुळ आवाज यायला लागला. मोटर नाही, वल्हं नाही, काही नाही. तेवढ्यात तोंडातून "आई गं" निघालं आणि सर घाबरले, त्यांना वाटलं मला लागलं.

लागलं ते दुसऱ्या दिवशी. वारा मागून असताना वळताना बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, या बाजूचा त्या बाजूला सण्णकन जातो, डोकं खाली घ्या म्हणून आधी सांगतात पण आपण शीड बघत बसतो ना. टेंगूळ चार दिवस होतं.

मग बोट मुद्दाम उलटी करण्याचा दिवस. एप्रिलमधलं पाणी, वेटसूट म्हणजे पाण्यात ऊब देणारा रबरी सूट असला तरी पहिला अर्धा मिनिट श्वासच येत नाही. उलट्या बोटीच्या सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली पाण्यात जाणाऱ्या फळीवर, एकीने चढून मागे रेलायचं, दुसरीने शिडाच्या बाजूला बोटीच्या आत पाण्यात नुसतं पडून राहायचं, बोट सरळ होताना आतली आपोआप उचलली जाते, झाऱ्याने भजं काढावं तशी. मी भजं होते. हे एकदा केलं की उलटायची भीती जाते, म्हणून पहिल्याच कोर्समध्ये करून घेतात ते बरंच आहे. आणि हो, अंगात घालायला देतात ते तरंगायला मदत करणारं जाकीट, बॉयन्सी एड, म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याच्या वर करत नाही, त्यामुळे थोडं तरी पोहता येणं हवंच. मी चाळिशीत लेकीच्या बरोबर स्विमिंग शिकले होते ते इथे कामी आलं.

चेंजिंग रूममध्ये बोर्ड आहे, वाइल्स डिसीजपासून सावध. गुगल केलं तर आपला लेप्टो! म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यातून सुटले आणि इथे परत तोच. जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी लावायची, पाणी प्यायचं नाही, आल्यावर आंघोळ करायची, बस. शॉवर कधी गरम कधी गार.

आता विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून जायचं. क्लबच्या पाटीवर सेलिंग आणि विंडसर्फिंग असं ठळक लिहिलंय, प्रत्यक्षात एक शेड, त्यात जुने बोर्ड, आणि शिकवणारा एकच व्हॉलंटियर जो एक आड एक शनिवारी येतो. ऑगस्टमध्ये तळ्यावर निळं-हिरवं शेवाळ आलं, ते विषारी असू शकतं म्हणून पाणी बंद, यात क्लबचा दोष नाही, पण माझी दोन सेशन्स गेली आणि त्याबदली तारीख मिळायला ऑक्टोबर उजाडला आणि ईमेलला उत्तर तिसऱ्या वेळी आलं, याचा राग आहेच. शिकणं पण डिंगीपेक्षा जास्त दमवणारं. सुकाणूच नसतं, शीड मागे झुकवलं की बोर्ड वाऱ्याकडे वळतो, पुढे झुकवलं की वाऱ्यापासून लांब, ऐकायला सोपंय. पाण्यात पडलेलं शीड दोरीने ओढून उभं करताना पाठीने ओढलं तर कंबरडं मोडतं, गुडघे वाकवून शरीराचं वजन मागे टाकायचं हे मला कोणीतरी पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं होतं, तिसऱ्या वेळी सांगितलं. एक मात्र भारी कळलं, 1958 मध्ये इथून फार लांब नसलेल्या हेलिंग आयलंडला पीटर चिल्व्हर्स नावाच्या 12 वर्षांच्या मुलाने असाच बोर्ड बनवला होता, आणि त्या पोराच्या बोर्डामुळे 1985 मध्ये इथल्या कोर्टात विंडसर्फिंगचं पेटंट उडालं.

पैशाचं बोलू. दोन्ही लेव्हल मिळून मला तीनशे पौंडांच्या आत पडलं, फॅमिली मेंबरशिप वर्षाची त्याहून थोडी कमी, क्लबच्या बोटी वापरायचे वेगळे पैसे नाहीत. स्वस्त का, तर इथे पगारी माणूस जवळजवळ नाहीच, सगळे मेंबर राबतात. वर्षातून चार ड्यूट्या, चुकवल्या तर दंड. हे जॉइन करताना कोणी नीट सांगत नाही, फॉर्मच्या मागच्या पानावर असतं. माझी पहिली ड्यूटी किचनमध्ये, माळकरी घरातली मी आणि सकाळी नऊ वाजता चाळीस लोकांचे बेकन रोल. सासूबाईंना फोटो पाठवला नाही. दुसरी रेस्क्यू बोटीवर, ती मात्र मजेची, लोकांना पाण्यातून ओढून काढायचं आणि आपण कोरडं राहायचं.

पहिल्यांदा एकटी बोट घेऊन गेले ते टॉपरमध्ये, अकरा फुटी प्लास्टिकची. छान वारा होता पण बोट काही केल्या पळेना, मागून जड जड वाटायला लागली, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय म्हणून शीड ओढ, सोड, पुढे सरक, सगळं केलं. मग काठाकडे बघितलं तर सर हात वर करून उभे, चिमटीत काहीतरी लाल धरलेलं. बोटीच्या मागच्या भोकाचं बूच. बाकी काही बोलले नाहीत, नुसतं दाखवत राहिले.

बाबांना हे सांगितलं तर पोट धरून हसले, मग म्हणाले 1982 च्या एशियाडला सेलिंग मुंबईत झालं होतं, आपल्या फरोख तारापोर आणि झरीर करंजियाला फायरबॉल नावाच्या डिंगीच्या शर्यतीत गोल्ड मिळालं होतं, तुला माहितीये का. नव्हतं माहीत. दुसऱ्या रविवारी बघितलं तर आमच्या यार्डात दोन फायरबॉल ताडपत्रीखाली पडून आहेत, चपट्या नाकाच्या, एकीचा मालक विकायलाही काढतोय.

कोर्सला पाचपैकी पाच, क्लबला चार, विंडसर्फिंगला दोन. वेटसूट लगेच घेऊ नका, पहिल्या कोर्सला क्लबचा मिळतो, बूट मात्र स्वतःचे घ्या, डिकॅथलॉनचे चालतात. बऱ्याच क्लबांचा मे महिन्यात ओपन डे असतो, फुकट किंवा नाममात्र पैशात एक चक्कर मारून आणतात, आधी तिथे जा आणि जाताना अंगावरचे एक जोडी कपडे जास्तीचे न्या, मोजे पण.