धानाच्या तणसाच्या गाठी: गाठीवर भाव ठरवायचा की एकरावर?

आमच्या भंडाऱ्याकडे बेलरवाला, म्हणजे तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) गाठी बांधून देणारा मशीनवाला, आला की पहिला प्रश्न हाच, आणि माझं मत सांगायचं तर आधी तणस किती निघेल ते काढा, मग भाव बोला. दाणा जेवढा तेवढंच तणस साधारण धरायचं, म्हणजे एकरी २० क्विंटल धान तर २० क्विंटल तणस, पण हार्वेस्टरने वरून कापलं की बरंच खुंटातच राहतं, म्हणून हाती १२ क्विंटलच पकडा.

आता समजा बेलरवाल्याला बांधणीचे गाठीला ४० रुपये द्यायचे. २० किलोची गाठ असेल तर ६० गाठी, २४०० रुपये. पण तीच गाठ १४ किलोची सैल बांधली तर ८६ गाठी होतात, ३४४० रुपये, आणि तणस तेवढंच! म्हणून पहिल्या पाच गाठी काट्यावर ठेवाच, उचलल्यावर दोरी सुटली की समजायचं दाब कमी आहे.

एकरावर २२०० ठरवले तर हिशोब सोपा, फक्त ड्रायव्हर घाईत पळवतो आणि बांधाकडच्या ओळी तशाच राहतात, मागे फिरावं लागतं. पीक चांगलं असेल तर मी एकरावरच देतो, विरळ असेल तर गाठीवर. आणि दव सुकल्याशिवाय मशीन लावू देऊ नका, ओल्या गाठीला आतून बुरशी लागते, जनावर तोंड लावत नाही.