चित्र-शब्द जोड्यांचा मराठी कार्ड सेट: घ्या, पण कडा सरळ कापून घ्या

लेक मोठ्या गटात आहे, तिच्यासाठी हा सेट घेतला. असे सेट बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि रचना साधारण हीच असते, एका कार्डावर चित्र, दुसऱ्यावर शब्द, दोन्ही जोडायचे. कार्डं जाड आहेत, काना-मात्रा-वेलांट्या ठळक, आणि चित्रं आपल्या घरातली, सूप, पाटी, चूल, मडकं. इथपर्यंत एकदम मस्त.

पण प्रत्येक जोडीची कड वेगळी कापलीये, म्हणजे चुकीचं कार्ड बसतच नाही. वाटतं की सोय केलीये पण खरं तर सगळा घोळ इथेच आहे, कारण मूल शब्दाकडे बघतच नाही, खाचेकडे बघतं. लेकीने सगळ्या जोड्या फटाफट लावल्या आणि तेच शब्द पाटीवर लिहून दिले तर एकही ओळखता आला नाही!

मग कात्री घेतली आणि सगळ्या कडा सरळ केल्या. आता मी नुसतं "सूप" म्हणते, तिच्यासमोर तीन शब्द ठेवते आणि ती त्यातला एक उचलते, चित्र लपवलेलं. शब्दांच्या जागा दर वेळी बदलायच्या, नाहीतर मुलं जागाच लक्षात ठेवतात. आणि सूपशेजारी साप ठेवायचा, पाटीशेजारी पाटा. सूपशेजारी वरवंटा ठेवला तर नुसत्या लांबीवरूनच कळतं, वाचायची गरजच नाही.

यातली खरी गंमत मरे सिडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1971 साली दाखवली होती. गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेला 17 वर्षांचा मुलगा, ऐकलेल्या शब्दाचं चित्र दाखवायचा, चित्राचं नाव सांगायचा, पण छापलेला शब्द त्याला कळायचा नाही. त्याला फक्त ऐकलेला शब्द आणि छापील शब्द जुळवायला शिकवलं, 20 शब्द. त्यानंतर छापील शब्द आणि चित्र तो आपोआप जुळवायला लागला आणि शब्द मोठ्याने वाचायलाही लागला, हे दोन्ही कुणी शिकवलंच नव्हतं. आवाज, चित्र, अक्षरं असे तीन धागे, दोन गाठी मारल्या की तिसरी आपली आपण बसते.

आमच्याकडेही तेच झालं, आवाजावरून शब्द पक्के झाल्यावर चित्रं समोर ठेवली आणि तिने न सांगता बरोबर लावली, इतका आनंद झाला ना. म्हणून ज्यांच्या मुलांना वाचायला वेळ लागतोय त्यांनी नक्की करून बघा, थोडेच शब्द घ्या, चुकलं तर रागावू नका, बरोबर कार्ड दाखवून परत विचारा.

सोबत माहितीपत्रक काहीच नाही, हे वाईट. बनवणाऱ्यांनी कडा सरळ ठेवाव्यात आणि खेळायचं कसं ते पानभर तरी छापावं. सध्या पाचपैकी साडेतीन.